पंप बदलण्याआधी बाटल्या लावा

डिझेल पिकअप सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा घेत नाही, अशी तक्रार असेल आणि समोरचा स्कॅनर लावून लगेच ‘हाय प्रेशर पंप गेलाय’ म्हणाला, तर पंपाचे पैसे देऊ नका. आधी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला लावा, आणि तीही तुमच्यासमोर. माझे यात 40,000 च्या वर गेले. ज्यांच्यामुळे गेले त्यांना ते आजही कबूल नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

माझी गाडी नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जाते. आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण. वाटेत तिने कधी त्रास दिला नाही. ओढायला दमदार, धूर नाही, ॲव्हरेज नेहमीचं. रडगाणं फक्त मार्केटात. क्रेट उतरून पट्टी हातात येईपर्यंत गाडी अर्धा तास उभी राहायची आणि मग सेल्फ नुसता फिरत बसायचा. मागे गाड्या तुंबलेल्या, हमालांची आरडाओरड. चौघांनी धक्का मारला की लगेच चालू. ज्याला डिझेल इंजिन कळतं त्याला एवढ्यावरूनच दिशा मिळायला हवी. सेल्फ जेवढ्या वेगाने इंजिन फिरवतो तेवढ्यात रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, पुरेसं प्रेशर बनत नाही, धक्क्याने इंजिन जोरात फिरलं की बनतं. गरम असतानाच बनत नाही, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि जिथे झीज असेल तिथून निसटतं. झीज पंपात आहे की इंजेक्टरमध्ये, एवढंच शोधायचं राहतं.

मी गाडी ज्या वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी ते शोधायची तसदी घेतलीच नाही. मी काउंटरवर सगळं सांगितलं होतं. बॅटरी नवी आहे, फिल्टर नुकताच बदललाय, पाणी काढून बघितलंय, त्रास फक्त गरम इंजिनला आहे. सल्लागाराने जॉबकार्डवर लिहिलं ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’. मी म्हटलं, अहो, ‘गरम असताना’ एवढं तरी लिहा. ‘काका, आम्हाला कळतं ते.’ स्कॅनर लावला, कोड आला पी 0087. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘बघा, मशीनच सांगतंय, पंप गेलाय.’

मशीन असं काहीच सांगत नव्हतं. पी 0087 म्हणजे रेलमधलं प्रेशर हवं त्यापेक्षा कमी आहे, बस्स. ते का कमी आहे हे कोड सांगत नाही. फिल्टर चोंदला तरी हा कोड येतो. टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या जोडातून हवा ओढली जात असेल तरी येतो. रेलवरचा प्रेशर व्हॉल्व गळत असेल, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व अडकत असेल, इंजेक्टर रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल, तरी हाच. आणि हो, पंप झिजला असेल तरी हाच. या सगळ्यांत पंप सर्वांत महाग, आणि त्यांनी हात घातला तो नेमका पंपालाच.

नवा पंप बसल्यावर गाडी काही दिवस बरी चालली. लोक फसतात ते इथेच. नवा पंप ताजा असतो, गळतीपेक्षा जास्त डिझेल रेलमध्ये ढकलतो, त्यामुळे दुखणं झाकलं जातं. ऐन हंगामात ते पुन्हा वर आलं. मी परत गेलो तर म्हणाले, ‘तुम्ही डिझेल कुठून भरता?’ ज्या पंपावर मी वर्षानुवर्षं बिल घेऊन डिझेल भरतो, त्याच्यावर संशय! जुना पंप मागितला तर ‘तो एक्स्चेंजमध्ये कंपनीत गेला.’ काम सुरू व्हायच्या आधीच मी जुना पार्ट परत हवा म्हणून सांगितलं होतं, माझ्या भाच्यासमोर. पुष्कळ वादावादी झाल्यावर तोच पंप त्यांच्याच गोडाऊनमधून निघाला.

मग मी आळेफाट्याच्या एका मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याची शेड, वर पाटीसुद्धा नाही. त्याने स्कॅनरला हात लावण्याआधी मला विचारलं, ‘गरम असतानाच ना? मग गरम करून आणा.’ मी गाडी नारायणगावपर्यंत पळवून आणली. त्याने चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढल्या, त्यांच्या जागी सलाइनच्या पारदर्शक नळ्या लावल्या आणि एकेक नळी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडली. बाटल्यांवर पेनाने 1, 2, 3, 4. गाडी धक्क्याने चालू करून स्लोला ठेवली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत थेंब थेंब पडत होते, तळसुद्धा नीट झाकला गेला नव्हता. तिसरीत धार लागली होती. पेन्सिलीएवढी धार, एकसारखी, न तुटणारी. बाटली बघता बघता अर्धी झाली. मी तिथे उभा होतो आणि मला मळमळल्यासारखं झालं. एवढी साधी गोष्ट, चार नळ्या आणि चार बाटल्या, आणि ज्यांच्याकडे लिफ्ट आहेत, एसी वेटिंग रूम आहे, त्यांनी ती केली नव्हती.

मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. गाडी बंद केली, आता स्कॅनर लावून सेल्फ मारून बघितला, मग रेलमधलं प्रेशर उतरू दिलं, तिसऱ्या इंजेक्टरला जाणारा पाइप काढून रेलचं ते तोंड डमी नटने बंद केलं. त्याआधी सेल्फ मारताना रेल प्रेशर 120 बारच्या पुढे सरकत नव्हतं. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत साधारण 200 बारच्या आसपास प्रेशर झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही, मग सेल्फ कितीही मारा. तिसरं तोंड बंद केल्यावर आकडा 300 च्या वर गेला आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत का होईना, गरम असताना चालू झाली. ‘दादा, पंपाला काय बी झालं नव्हतं,’ मिस्त्री म्हणाला. जुना पंप मी पुण्याला डिझेल लॅबमध्ये बेंचवर लावून तपासला. डिलिव्हरी मापात. रिपोर्ट माझ्याकडे आहे.

आता जे मला कळलं ते सांगतो. रिटर्न टेस्टमध्ये चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या आणि थोड्याच भरल्या, डमी लावूनही प्रेशर चढत नसेल, टाकीपासून पंपापर्यंतचा पुरवठा चोख असेल, तर मग पंपावर संशय घ्या. पुरवठा तपासायचा तर पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का ते बघायचं. पंप आतून खरंच खरवडला गेला असेल तर बहुतेक वेळा त्याचा पुरावा सापडतो: मीटरिंग व्हॉल्वच्या जाळीत किंवा फिल्टरमध्ये चमचमणारा लोखंडी चुरा. तो सापडला तर नुसता पंप बदलून भागत नाही. चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, रिटर्नवाटे टाकीतही जातो, आणि सगळं साफ न करता नवा पंप लावला तर तोही जातो. माझ्या बिलावर ना फिल्टर उघडल्याचा उल्लेख, ना टाकी धुतल्याचा. म्हणजे त्यांच्या मते पंप खरंच गेला असता, तरी त्यांनी काम अर्धवटच केलं होतं.

पंप तेल-ग्रीसवर नाही, डिझेलवरच वंगण घेतो, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवणं, रॉकेल मिसळलेलं डिझेल, पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी न काढणं, या तिन्हींनी चांगला पंपही मरतो. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करा, अस्सल फिल्टर वापरा.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट ढिला करायचे आणि मिसिंग कुठे आहे ते ओळखायचे. कॉमन रेलमध्ये हे कुणालाही करू देऊ नका. चालत्या इंजिनात रेलचं प्रेशर 1,600 बारपर्यंत जाऊ शकतं. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते, बाहेरून नुसता टाचणीचा ठिपका दिसतो आणि बोट, कधी हातही, गमवावा लागतो. असं झालंच तर पट्टी बांधून घरी जायचं नाही, तडक सर्जन असलेल्या दवाखान्यात जायचं.

इंजेक्टर बदलला किंवा रिकंडिशन करून घेतला तर त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूत भरलाय का ते विचारा. बऱ्याच गाड्यांना ते लागतं आणि बरेच जण ते टाळतात. खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात हेच इंजेक्टर घडतात, जिल्ह्याजिल्ह्यात ते तपासायची बेंच आहेत, आणि आपल्याच पट्ट्यातलं वर्कशॉप पंपाची किंमत लावण्याआधी एक इंजेक्टर तपासत नाही, याचा मला फार राग येतो.

लॅबचा रिपोर्ट घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘तुम्ही बाहेर गाडी उघडलीत, आता आमची जबाबदारी नाही. आणि कमर्शियल गाडीला ग्राहक मंचात दाद मिळत नाही.’ हे साफ चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी विकत घेतलेल्या वस्तूच्या स्वतः केलेल्या वापराला व्यावसायिक हेतू मानलेलं नाही. ज्याची एकच पिकअप आहे आणि जो ती स्वतः चालवतो, त्याने हे वाक्य पाठ करून ठेवावं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. सल्ला हवा असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. कागद मात्र जपा: जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घेतलेली तक्रार, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, ‘जुना पार्ट परत पाहिजे’ हे लिहून घेतलेली सही. माझ्याकडे जॉबकार्डवर दोनच शब्द होते, त्यामुळे भाच्याची साक्ष लावावी लागली.

तक्रार दाखल झाल्यावर त्यांचा फोन आला, मजुरीचे पैसे परत देतो म्हणून. मी नाही म्हटलं. मला पंपाचे पैसे हवेत.