दातांचा एक्स-रे : भीती नको, बेफिकिरीही नको



आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्म, इतिहास व समाजकार्य या विषयांवर लेख असतात. तेथे दातांच्या एक्स-रेवर लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु शरीराची निगा हा विषय धम्माला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा नियम आहे. दात न घासल्याने भिक्खूंच्या मुखाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा भगवान बुद्धांनी दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली, न वापरल्याचे पाच तोटे सांगितले आणि काडी किती बोटे लांब असावी हेही ठरवून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या शास्त्याने दातांचा एवढा विचार केला, त्याच्या अनुयायांनी आजच्या दंतवैद्यकाची प्राथमिक माहिती घेणे योग्यच आहे.

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका साध्या प्रसंगामुळे.

प्रसंग

काही वर्षांपूर्वी दाढ दुखते म्हणून मी जळगावातील एका दवाखान्यात गेलो. मदतनीस मुलगा आपल्याच वस्तीतला, बारावी झालेला. त्याने माझ्या तोंडात लहानशी फिल्म ठेवली, "काका, हलू नका" म्हणाला आणि ती फिल्म स्वतःच्या बोटाने दाबून धरून उभा राहिला. डॉक्टरांनी बटण दाबले. माझे काम एका मिनिटात झाले. बाहेर बसलो असताना पाहिले, तर पुढच्या रुग्णालाही तसेच. मी त्याला सहज विचारले, "दिवसाला असे किती होतात रे?" तो म्हणाला, "दहा-बारा होतात काका. काही होत नाही, सवय झाली."

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. रोज दहा धरले तरी वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत तीन हजार. रुग्णाच्या वाट्याला एक एक्स-रे आणि त्या मुलाच्या बोटांच्या वाट्याला तीन हजार! दुसरीकडे, आमच्या नात्यातील एक आत्या "त्या किरणांखाली मी बसणार नाही" म्हणून महिनाभर वेदनाशामक गोळ्या खात राहिल्या आणि गाल सुजल्यावरच दवाखान्यात गेल्या. एकाला भीती मुळीच नाही, दुसऱ्याला नको तेवढी आहे. दोन्ही टोके अज्ञानाचीच. मधला मार्ग ज्ञानाचा आहे, आणि तो सांगावा म्हणून हा लेख.

क्ष-किरण म्हणजे काय?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टजेन या शास्त्रज्ञाला एक अनोळखी किरण आढळला. अनोळखी राशीला बीजगणितात 'क्ष' म्हणतात, म्हणून तो क्ष-किरण. या शोधासाठी १९०१ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. हे ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडावे अशी त्यांची भूमिका होती. 'बहुजन हिताय' म्हणतात ते हेच.

दवाखान्यातील यंत्रात एक निर्वात काचेची नळी असते. तिच्या एका टोकाची तार तापली की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. साठ ते सत्तर हजार व्होल्टच्या दाबाने ते टंगस्टन धातूवर आदळतात. त्या उर्जेचा एक टक्क्याहूनही कमी भाग क्ष-किरणांत बदलतो, बाकीची उष्णता होते. बटण सोडले की किरण थांबतात. पंख्याचे बटण बंद केल्यावर पंखा तरी क्षणभर फिरतो, हे किरण तेवढेही रेंगाळत नाहीत. खोलीत, खुर्चीत, फिल्ममध्ये किंवा रुग्णाच्या अंगात काहीही साठून राहत नाही. म्हणून एक्स-रे काढून आलेल्या माणसाने लहान मुलाला जवळ घेऊ नये, ही समजूत चुकीची आहे.

शोधाची किंमत

शोध लागल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज तेच काम एका सेकंदाच्या अंशात होते.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी दातांच्या एक्स-रेचा प्रसार केला. ते फिल्म स्वतःच्या हाताने धरत आणि किरण नीट येतात की नाही हे स्वतःचा हात मध्ये घालून तपासत. पुढे हाताला कर्करोग झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, बोटे गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांच्या वेदनामय आयुष्याचा शेवट झाला. याउलट बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी स्वतःचा हात भाजल्यावर धडा घेतला. डोळ्यांना संरक्षण द्या, नळी शिशाच्या आवरणात बंद करा आणि जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच किरण पाडा, असे ते १९०१ च्या सुमारास सांगत होते. त्यांचे तेव्हा फार कोणी ऐकले नाही. आजचे सुरक्षा नियम मात्र याच विचारावर उभे आहेत.

एक्स-रेचे प्रकार

१) एक-दोन दातांचा एक्स-रे : तोंडात लहान फिल्म ठेवून काढतात. दाताचे टोक, मूळ आणि मुळाभोवतीचे हाड दिसते. रूट कॅनल करताना हाच लागतो. आता अनेक ठिकाणी फिल्मऐवजी सेन्सर असतो व चित्र लगेच संगणकावर येते. त्याला आरव्हीजी म्हणतात.

२) चावून धरायचा एक्स-रे : वरच्या-खालच्या दाढांची टोके एकत्र दिसतात. दोन दातांच्या फटीत लपलेली कीड यात सापडते.

३) संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी : यंत्र डोक्याभोवती फिरते. अक्कलदाढ, जबड्याचे फ्रॅक्चर, मुलांचे न उगवलेले दात पाहण्यासाठी उपयोगी.

४) सीबीसीटी : जबड्याचे तिन्ही बाजूंनी चित्र. इम्प्लांट किंवा अवघड शस्त्रक्रियेपूर्वी लागते. सरसकट प्रत्येकाला लागत नाही.

विद्यार्थ्यांनी चित्र वाचण्याची साधी खूण लक्षात ठेवावी. किरण जेथे अडतात तेथे पांढरे आणि जेथून पार जातात तेथे काळे दिसते. दाताचे वरचे कठीण कवच पांढरे दिसते, धातूचे सिमेंट किंवा टोपी त्याहून पांढरी. आतील नस काळसर रेघेसारखी दिसते. पांढऱ्या कवचात काळा खड्डा दिसला तर बहुधा कीड, मुळाच्या टोकाशी काळे वर्तुळ दिसले तर तेथे जंतुसंसर्गाने हाड झिजले असण्याची शक्यता. मात्र एक्स-रेला सर्व काही दिसत नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे गालाच्या आतून पडणारे पांढरे-लाल चट्टे त्यात दिसत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहणेच आवश्यक असते.

किरण किती लागतात?

शरीरावर होणारा परिणाम मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. माती, खडक, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांपासून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दिवसाला सुमारे ०.००६५. एका दाताच्या एक्स-रेत साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मिळतात, म्हणजे एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांहूनही थोडे कमी. ओपीजीचे साधारण ०.०१ ते ०.०३, म्हणजे दोन ते पाच दिवसांइतके. सीबीसीटीचे प्रमाण यंत्रावर आणि भागाच्या आकारावर अवलंबून असते व ते एका दाताच्या एक्स-रेच्या अनेक पट असू शकते.

आपल्या जळगावचेच उदाहरण घ्या. केळ्यात पोटॅशियम असते व त्याचा अत्यल्प अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. त्या मापाने एका दाताचा एक्स-रे म्हणजे सुमारे पन्नास केळी. हे केवळ मापाचे उदाहरण आहे. शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकते, त्यामुळे केळी खाण्यात या दृष्टीने कोणताही धोका नाही. बागायतदारांनी काळजी करू नये!

मग धोका मुळीच नाही काय? एका रुग्णाला एका एक्स-रेचा धोका अत्यंत कमी असतो, परंतु तो शून्य मानत नाहीत. म्हणून नियम असा की कारण असेल तरच एक्स-रे काढावा, आणि काढताना किरण शक्य तितके कमी वापरावेत. मुलांच्या वाढत्या शरीराबाबत हा नियम अधिक कसोशीने पाळावा.

सुरक्षेचे तीन आधार : वेळ, अंतर, आडोसा

वेळ : किरण जितका कमी काळ, तितके चांगले. जलद फिल्म किंवा सेन्सर वापरला की वेळ कमी होतो. रुग्ण हलला तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणून स्थिर बसणे ही आपली जबाबदारी.

अंतर : अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश होते. एका फुटावर जी तीव्रता, ती सहा फुटांवर छत्तिसावा भाग. यंत्र चालवणाऱ्याने किमान सहा फूट दूर, किरणांच्या सरळ रेषेत न येता बाजूला उभे राहावे.

आडोसा : भिंत, शिशाचा पडदा किंवा शिशाचा ॲप्रन. यंत्राच्या तोंडाशी किरण आवश्यक तेवढ्याच भागावर रोखणारी नळी असते, तीही आडोसाच. या ठिकाणी नवी माहिती सांगितली पाहिजे. यंत्रे सुधारल्यामुळे रुग्णाला शिशाचा ॲप्रन व गळपट्टा सरसकट घालण्याची गरज नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सुचवले. तेव्हा एखाद्या डॉक्टरांनी ॲप्रन दिला नाही म्हणून भांडण करू नये आणि दिला तर नाकारू नये. किरण नेमक्या जागी पडणे हे ॲप्रनहून महत्त्वाचे आहे.

फिल्म कोणी धरावी?

उत्तर एकच : कर्मचाऱ्याने कधीही नाही. त्यासाठी प्लॅस्टिकचा होल्डर मिळतो. तो नसेल तर रुग्णाने डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे स्वतः धरावी. लहान मूल किंवा अपंग रुग्ण असेल तर नातेवाइकाने ॲप्रन घालून धरावी, मात्र ती व्यक्ती गर्भवती नसावी. नातेवाईक एकदा धरतो, कर्मचारी रोज धरतो. फरक येथे आहे.

गर्भवती भगिनींसाठी

गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास एक्स-रेपूर्वी सांगावे. लाजू नये. दातांच्या एक्स-रेत किरण तोंडाकडे रोखलेले असतात व गर्भापर्यंत पोहोचणारे प्रमाण नगण्य असते. तातडीची गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक्स-रे काढता येतो. दातातील जंतुसंसर्ग तसाच अंगावर काढणे आईला व बाळाला अधिक घातक ठरू शकते.

नियम काय सांगतात?

भारतात या क्षेत्रावर देखरेख ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. २००४ मध्ये किरणोत्सार संरक्षणाचे नियम झाले. सर्वसामान्य नागरिकासाठी, उपचाराचे एक्स-रे वगळता, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. एक्स-रे विभागात नियमित काम करणाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. अंगावर किती किरण पडले याची नोंद त्यातून मिळते. जणू शरीराचे पासबुकच!

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली जळगाव, भुसावळ, धुळे येथील दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करतात. पगार थोडा, शिकवणारे कोणी नाही आणि "आपण कसे विचारावे?" हा संकोच. मित्रांनो, विचारणे हा उद्धटपणा नाही. होल्डर आहे काय, मी कोठे उभे राहू, मला बिल्ल्याची गरज आहे काय, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. ज्यांना या क्षेत्रातच पुढे जायचे आहे त्यांनी मदतनीसावर थांबू नये. रेडिओग्राफी, दंत स्वच्छता, दंत तंत्रज्ञान यांचे रीतसर अभ्यासक्रम आहेत. धुळ्यात तर दंत महाविद्यालयही आहे. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश पोटापाण्यासाठी आहे तसाच अंगाच्या रक्षणासाठीही आहे.

रुग्णांनी लक्षात ठेवावे

१) एक्स-रे कशासाठी हवा, हे विचारावे.
२) पूर्वीचे एक्स-रे जपून ठेवावेत व सोबत न्यावेत. एक खर्च आणि एक किरण वाचतो.
३) कानातले, नथ, चष्मा, काढता येणारी कवळी आधी काढून ठेवावी.
४) डॉक्टर सांगतील तेवढा वेळ हलू नये.
५) गरज असताना भीतीपोटी नकार देऊ नये आणि गरज नसताना स्वतःहून आग्रह धरू नये.

समारोप

त्या मुलाला मी केल्स यांची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, मी सरांना विचारलं. होल्डर मागवला त्यांनी." डॉक्टर वाईट नव्हते. कोणी विचारले नव्हते एवढेच.

परंपरेने चालत आले म्हणून, किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालामांना दिलेली शिकवण आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. ती दवाखान्याच्या खुर्चीतही लागू आहे. या लेखाने आपल्यापैकी एकाने जरी पुढच्या वेळी "हा एक्स-रे कशासाठी?" असे विचारले, आणि एका जरी मुलाने फिल्मवरचे बोट काढून घेतले, तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!