जाहिरात वाचू या

मुलांनो, 'जाहिरात' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटायला नको. उर्दूतील 'जाहिर' हा शब्द तुम्ही रोज वापरता. जाहिर म्हणजे उघड. जी गोष्ट उघड करून सर्वांना सांगितली, ती जाहिरात. उर्दूत आपण तिला 'इश्तिहार' म्हणतो. 'इश्तिहार' आणि 'शोहरत' हे एकाच घराण्यातील शब्द आहेत. म्हणजे एका शब्दात उघड करणे आहे आणि दुसऱ्यात प्रसिद्ध करणे. जाहिरात वस्तूला प्रसिद्धी देते, हे आपण रोज पाहतो. पण ती सर्व काही उघड करते का? हा प्रश्न मनात ठेवून पुढील पाठ वाचा.

सटाण्याच्या बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत चालत जा. किती जाहिराती दिसतात, ते मोजा. भिंतींवर सिमेंट, बियाणे, ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि कीटकनाशके यांची नावे मोठ्या अक्षरांत रंगवलेली असतात. रिक्षावर भोंगा लावून कोणी नव्या दुकानाची बातमी सांगत जातो. देव मामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत तर प्रत्येक विक्रेता आपापल्या परीने गिऱ्हाईक बोलावत असतो.

आता फळांच्या गाडीपाशी थांबा. आपला बागलाण तालुका डाळिंबांसाठी ओळखला जातो. फळवाला एक डाळिंब फोडून ढिगावर ठेवतो. आतील लालबुंद दाणे पाहून जाणाऱ्याचे पाय थबकतात. फळवाला तोंडातून एक शब्दही काढत नाही, तरी त्याची जाहिरात होते. ती खोटी आहे का? नाही. डाळिंब खरेच आहे आणि दाणेही खरेच आहेत. मात्र ते डाळिंब फळवाल्याने निवडलेले आहे. ढिगातील बाकीची फळे आतून कशी आहेत, हे ते सांगत नाही. सर्वच जाहिराती थोड्याफार अशाच असतात. चांगली बाजू आपल्यासमोर ठेवणे हे त्यांचे काम, आणि बाकीचा ढीग पाहणे हे आपले काम.

मग जाहिरातीवर विश्वास ठेवूच नये का? तसेही नाही. महाराष्ट्रातील एक खरी हकिगत ऐका.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोलवर जातो आणि खालची माती वर आणून पालथी घालतो. वस्तू चांगली होती, पण शेतकरी ती घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज तेव्हा पसरलेला होता. या समजाला आपण हसू नये. ज्या जमिनीवर घरादाराचे पोट चालते, ती नव्या वस्तूच्या हवाली करताना माणूस दहा वेळा विचार करणारच. केवळ 'आमचा नांगर उत्तम' असे ओरडून त्याची भीती जाणार नव्हती. नांगराचे काम प्रत्यक्ष पाहिल्यावर आणि शेजारच्या शेतकऱ्याचा अनुभव ऐकल्यावरच असा विश्वास बसतो. हळूहळू नांगराला मागणी आली. 1910 साली लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभारला. आज सांगली जिल्ह्यात असलेले ते गाव म्हणजे किर्लोस्करवाडी.

1920 साली या कारखान्याने एक मासिक सुरू केले. त्याचे नाव होते 'किर्लोस्कर खबर'. यातील 'खबर' हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे! लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना द्यावी, हा मासिकाचा मूळ हेतू. पण नुसती मालाची स्तुती कोण किती वाचणार? शंकररावांनी त्यात वाचकांना उपयोगी पडतील असे लेख आणि इतर वाचनीय मजकूर देण्यास सुरुवात केली. ज्याला नांगर घ्यायचा नव्हता, तोही मासिक वाचू लागला. 1929 साली त्याचे नाव 'किर्लोस्कर' झाले. पुढे 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही मासिकेही तेथून निघाली. अशा रीतीने कारखान्याची खबर देणारा अंक मराठी घरांत वाचला जाणारा अंक झाला. वाचकाला काहीतरी द्यावे, मग तो आपले नाव लक्षात ठेवतो, हे शंकररावांनी ओळखले होते.

काळ बदलला तशी साधनेही बदलली. 1967 साली विविध भारतीवर आणि 1976 साली दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. आता त्या मोबाइलवरही येतात. पण साधा रंगवलेला फलकसुद्धा किती बोलका असू शकतो, हे अमूलच्या मुलीने दाखवले. ठिपक्यांचा फ्रॉक आणि निळे केस असलेली ही मुलगी तुम्ही पाहिली असेल. अमूल हे गुजरातमधील दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांचे नाव. त्यांच्या बटरसाठी सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी 1966 च्या सुमारास ही मुलगी निर्माण केली. मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर ती क्रिकेट, चित्रपट आणि राजकारण यांवर चिमटे काढू लागली. ताजी घटना घडली, की आता ही मुलगी काय म्हणते, याची लोक वाट पाहू लागले. लोक जाहिरातीची वाट पाहतात, ही केवढी मोठी गोष्ट! पण एक लक्षात घ्या. विनोदामुळे बटरची चव किंवा किंमत बदलत नाही. विनोद आपल्याला नाव आठवायला लावतो. वस्तू कशी आहे, हे आपल्यालाच पाहावे लागते.

आता पुन्हा आपल्या भिंतीकडे वळू. समजा, तिच्यावर लिहिले आहे, 'एकदा फवारा, निश्चिंत राहा.' हे वाचून तुमच्या मनात कोणते प्रश्न यावेत? औषध कोणत्या किडीसाठी आहे? किती पाण्यात किती घालायचे? ते माणसाला किती घातक आहे? या प्रश्नांची उत्तरे भिंतीवर नसतात, ती डब्यावर असतात. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, असा विषारीपणाचा क्रम उतरता आहे. हिरवी खूण असली तरी काळजी घ्यावीच लागते. तसेच बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. पक्के बिल मागून घ्यावे. बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. बियाणे उगवले नाही, तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कायदाही आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तूची शिफारस करणारा नट किंवा खेळाडूही या कायद्यातून सुटत नाही. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मराठी सफाईने वाचणारे तुम्हीच असाल. अब्बांनी आणलेला औषधाचा डबा, अम्मींनी आणलेली मसाल्याची पुडी, दादांनी घेतलेली बियाण्याची पिशवी यांवरील बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवा. भिंतीवरची मोठी अक्षरे सर्वांनाच दिसतात. बारीक अक्षरे मात्र कोणीतरी वाचून दाखवावी लागतात. शाळेत शिकलेली मराठी त्या दिवशी घरच्यांच्या उपयोगी पडेल.

शब्दार्थ
गिऱ्हाईक – खरीदार
थबकणे – चालता चालता एकदम थांबणे
हकिगत – घडलेली गोष्ट, वाकिआ
चिमटे काढणे – विनोदाने टोचून बोलणे
उगवणशक्ती – बी रुजून वर येण्याची ताकद
दिशाभूल करणे – गुमराह करणे

स्वाध्याय
1. 'जाहिरात' व 'इश्तिहार' या शब्दांच्या अर्थांत कोणता फरक आहे?
2. फोडून ठेवलेल्या डाळिंबाच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
3. शेतकरी लोखंडी नांगर का घेत नव्हते? त्यांचे वागणे तुम्हांला योग्य वाटते का? कारण लिहा.
4. 'किर्लोस्कर खबर' आणि अमूलची मुलगी यांनी लोकांची मने कशी जिंकली? तुलना करा.
5. उपक्रम : तुमच्या गल्लीतील एक जाहिरात वहीत उतरवून घ्या. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन रकान्यांत लिहा.
6. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, असे दहा शब्द शोधून लिहा.