फळीवर उभं राहून पाण्यात काय मिळतं?

प्रश्न : नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक बाई लांबलचक फळीवर उभी, हातात एकच वल्हं, आणि तळ्यातून सावकाश चाललेली. ना शर्यत, ना आरडाओरडा. पाच मिनिटं झाली तरी तेच. मी म्हटलं, ‘यात गंमत कायची हाय बाप्पा?’ तो म्हणतो, जगभर याचं वेड आहे, वाहत्या नदीत आणि समुद्राच्या लाटांवरही लोक हेच करतात. त्यांना यात नेमकं मिळतं काय? आणि आमच्या अडाण नदीत हे होईल का?
— एक वाचक, बोरी अरब (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : व्हिडिओत गंमत दिसली नाही, यात तुमचा दोष नाही. या खेळातलं निम्मं काम तळपायात चालतं आणि ते कॅमेऱ्यात येत नाही. यवतमाळ-दारव्हा एसटीत दांडी न धरता उभं राहून बघा. गाडी वळली की गुडघे आपोआप वाकतात, बोटं चपलेत रुततात, कंबर आपला तोल आपणच सांभाळते. स्टँड-अप पॅडलबोर्डिंगमध्ये हे अखंड चालू असतं, फक्त धक्के फार मऊ असतात. पहिल्या दिवशी पोटऱ्या थरथरतात. अर्ध्या तासाने थरथर थांबते, आणि मग माणूस पायांकडे बघायचं सोडून आजूबाजूला बघू लागतो. खरी मजा तिथून सुरू होते.

आधी ती फळी काय असते ते सांगतो. नवशिक्याची फळी साधारण साडेदहा फूट लांब, 32 इंच रुंद आणि 6 इंच जाड. हल्ली बहुतेक फळ्या हवा भरायच्या असतात. वरचा आणि खालचा थर आतून हजारो बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे हवा भरली तरी ती गाडीच्या ट्यूबप्रमाणे गोल फुगत नाही, सपाट आणि टणक राहते. हवेचा दाब 15 पीएसआयच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरच्या निम्मा. तिचं आकारमान तीनशे लिटरच्या घरात. ऐंशी किलोचा माणूस आणि दहा किलोची फळी मिळून नव्वद लिटर पाणी बाजूला सारतात. म्हणजे फळीचा जेमतेम तिसरा हिस्सा बुडतो, बाकीची वर तरंगते. बुडण्याची भीती फळीला नाही. पडण्याची भीती आपल्याला, आणि पडलो तर पाण्यातच पडतो.

आता नजरेचं. होडीत किंवा कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून पाऊण मीटरवर असतात. उभ्या माणसाचे दीड मीटरहून वर. मोकळ्या पाण्यावर बसलेल्याचं क्षितिज तीन किलोमीटरवर संपतं, उभ्याचं साडेचारवर जातं. पण लांबचं दिसण्यापेक्षा खालचं दिसणं महत्त्वाचं. पाण्यावर नजर तिरपी पडली की आकाशाचं प्रतिबिंबच दिसतं. नजर वरून पडली की ती चकाकी विरते आणि पाण्याच्या आतलं दिसायला लागतं. शेवाळलेला दगड, वाळूवरून सरकणारं मासळीचं पिल्लू, बुडालेल्या बाभळीची फांदी. काठावरून हे दिसत नाही, कारण काठावर पाणी गढूळ. पोहताना दिसत नाही, कारण डोळे पाण्याच्या पातळीला. आणि इंजिनाच्या बोटीतून तर काहीच दिसत नाही.

वल्हं मारत उभं राहून जाण्यात नवीन ते काय, असंही तुमच्या मनात आलं असेल. आपल्याच विदर्भात वैनगंगेच्या काठच्या ढिवर-भोई समाजाचे लोक डोंग्यात उभे राहून बांबूने पाणी रेटत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं 1928 पासून नदीत होड्यांचा रेगाटा भरवतात, त्यातही सपाट पंट होड्यांची रचना असते आणि त्या उभ्यानेच चालवायच्या असतात. आजच्या खेळाचं मूळ मात्र हवाईतलं. होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्यावर 1950-60च्या दशकांत लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे स्थानिक लोक स्वतः फळीवर उभे राहून हातात वल्हं घेत. शिकणारे पर्यटक लांबवर दिसावेत, त्यांचे फोटो काढता यावेत आणि येणारी लाट आधी ओळखता यावी, इतका साधा हेतू. आ चॉय कुटुंबातल्या लोकांची नावं या संदर्भात घेतली जातात. पुढे 1990च्या दशकाच्या शेवटी लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या दोघांनी ही जुनी रीत पुन्हा बाहेर काढली. समुद्र शांत असला की लाटांवरचा माणूस बेकार होतो. वल्हं हाती आलं तर त्या दिवशीही सराव होतो. तिथून हे लोण तळ्यांत आणि नद्यांत शिरलं. खेळ इतका फोफावला की लाटांवर स्वार होणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि कनूची आंतरराष्ट्रीय संघटना ‘हा खेळ आमचा’ म्हणत क्रीडा लवादापर्यंत गेल्या. 2020 साली लवादाने ऑलिंपिकपुरता कारभार लाटांवाल्यांकडे दिला. वल्हं मारणाऱ्यांना याने काडीचाही फरक पडला नाही.

तुमच्या नातवाने तिन्ही पाणी एका दमात सांगितली, पण ती तीन वेगळी प्रकरणं आहेत.

संथ पाणी सगळ्यांचं. तासाला चार-पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याचाच वेग. वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित कोनात बसवलेलं असतं आणि तो कोन पुढच्या बाजूला हवा. दहातले आठ नवशिके ते उलटं धरतात, कारण उलटं धरणंच डोळ्याला बरोबर वाटतं. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे सैल, नजर समोर. पायांकडे बघितलंत की पडलात. शत्रू एकच, वारा. उभं शरीर शिडाचं काम करतं. समोरून वारा आला तर मुकाट गुडघ्यांवर बसावं, त्यात कमीपणा नाही. घराकडे परतताना वारा पाठीशी राहील, असा बेत करून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघावं.

वाहती नदी शिकल्याशिवाय नाही. तिथे फळीपेक्षा पाणी वाचता यावं लागतं. खडकामागे पाणी उलटं फिरतं, त्या आडोशाला फळी थांबवता येते. मुख्य धारेत शिरताना टोक कुठल्या कोनात ठेवायचं, हे चुकलं तर क्षणात आडवं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. आपल्याकडे कोलाडच्या कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. तशा ठिकाणी, जाणत्या माणसांच्या सोबतीनेच या वाटेला जावं. पण नदीची खरी ओढ दूर जाण्यात आहे. शिल्पिका गौतम ही भारतीय तरुणी 2016-17 साली गंगेच्या उगमाकडून निघून सागरापर्यंत अशाच फळीवर गेली, अडीच हजारांहून अधिक किलोमीटर. वाटेत नदीतल्या प्लॅस्टिकबद्दल बोलत. फळीवरून जाणाऱ्याला नदीतला कचरा हुकत नाही, हे त्यातलं दुसरं अंग.

लाटांवरचा प्रकार देखणा खरा, पण माझ्या मते त्याचा बोलबाला जास्त आहे. वल्ह्यामुळे लाट लांबूनच पकडता येते, हा त्याचा फायदा. आणि त्यामुळेच पोटावर पडून वाट बघणाऱ्या बाकीच्या लोकांच्या वाटणीच्या लाटा पळवल्या जातात, हा त्यांच्यातला कायमचा तंटा. गर्दीत सुटलेली दहा फुटी फळी कुणाच्या डोक्यात बसली तर खेळ संपला. देशात बघायचं तर कर्नाटकातल्या मुल्कीला जावं, कोकण रेल्वेनेच जाता येतं. तिथे शांभवी नदी, खाडी आणि समुद्राच्या लाटा हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून देशातला लाटांचा पहिला क्लब 2004 साली तिथे उभा राहिला. मंगळूरकडची तन्वी जगदीश ही फळीवरच्या शर्यतींतली नावाजलेली खेळाडू याच किनाऱ्याची. महाराष्ट्रात मालवणजवळचं देवबाग तसं आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी.

आता अडाण. उत्तर असं की होईल, पण वर्षातले थोडेच दिवस आणि थोड्याच जागी. पावसाळ्यात नाव काढू नका. पूर आला की बोरीच्या पुलावरून पाणी जातं आणि दारव्ह्याचा रस्ता बंद पडतो, हे मी तुम्हाला काय सांगावं. त्या पाण्यात झाडं, काटेरी कुंपणं, तारा सगळं वाहून येतं. उन्हाळ्यात पात्रात डोह उरतात, तेही गुरांच्या आणि पंपांच्या वाट्याचे. मधला काळ कामाचा. पाऊस ओसरल्यावर बंधाऱ्यांना बर्गे बसवतात, मागे पाणी तुंबतं, गाळ खाली बसतो. दिवाळीनंतरच्या सकाळी, वारा सुटायच्या आत, अशा ठिकाणी नवशिक्याला दोन तास पुरून उरतात.

मात्र तीन गोष्टींपासून लांब. पहिली म्हणजे बंधाऱ्याची भिंत. वरून पाणी सांडत असेल तर पायथ्याशी ते माघारी फिरतं आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतं. लाइफ जाकीट घातलेला माणूसही त्यातून सुटत नाही. दुसरी, शेतीच्या मोटारी. काठाकाठाने पाइप, फुटबॉल (फूट-व्हॉल्व्ह) आणि विजेची केबल पाण्यात सोडलेली असते, केबलचं वेष्टण कुठे सोललंय ते कुणालाच ठाऊक नसतं. रात्रपाळीची वीज असेल तर दिवसा धोका कमी, असं गृहीत धरू नका. तिसरी, मासेमारीची जाळी. ती पाय अडकवतात, आणि फळीने फाटली तर ज्याचं पोट त्यावर आहे त्याचं नुकसान. आधी त्याला विचारावं. जाळी कुठे लावलीत आणि डोह कुठे खोल आहे, ही दोन्ही माहिती त्याच्याइतकी कुणाकडे नसते. बेंबळा किंवा अरुणावतीच्या धरणात उतरायचं मनात असेल तर पाटबंधारे विभागाची परवानगी लागेल.

प्रश्न : (याच पत्रात पुढे) वय 61. लहानपणी डोहात पोहलो आहे, आता सवय नाही. फळी विकत घ्यावी काय? की ट्रकच्या ट्यूबवर पाटी बांधून चालेल?

उत्तर : ट्यूबवर पाटी नको. ट्यूबवर बसून मासे धरणारा माणूस बसलेला असतो, उभा नसतो. उभं राहिलात की ती उलटते आणि पाटी डोक्यात येते. वयाचं म्हणाल तर संथ पाण्यावर 61 हे काही अडचणीचं वय नाही. गुडघे दुखत असतील तर बसून किंवा गुडघ्यांवर वल्हवलं तरी चालतं. चांगली फळी वीस हजारांच्या पुढेच जाते, तेव्हा आधी मालवण-गोव्याकडे गेलात तर तासाभराच्या भाड्याने करून बघा, मग खिशात हात घाला.

घेतलीत तर दोन गोष्टी. फळी आणि माणूस यांना जोडणारा पट्टा असतो. थांबलेल्या पाण्यात तो घोट्याला चालतो, वाहत्या पाण्यात कधीच नाही. फळी झाडाच्या एका बाजूने, तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात तर पट्टा तुम्हाला प्रवाहात खाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. वाहत्या पाण्यासाठी कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो, तोच घ्या. जाकीट दोन्हीकडे हवंच.

दुसरी गोष्ट ऊन. सकाळी 25 अंशांत 15 पीएसआय हवा भरली आणि फळी दुपारी काठावर तशीच पडून राहिली, तर आतली हवा 60 अंशांपर्यंत तापून दाब 18च्या वर जातो. दोन-चारदा असं झालं की शिवणीचा डिंक सुटतो. पाण्यातून काढली की थोडी हवा सोडायची आणि कडुनिंबाखाली ठेवायची.