गाईड शेवटी

बीएला इतिहास-समाजशास्त्र घेतलंस आणि पुढं लॉची सीईटी द्यायची म्हणतेस, उत्तम. ‘आर्ट्स घेऊन पुढं काय?’ असं घरात कुणी विचारलं तर वाद घालत बसू नकोस. तेवढ्या वेळात दहा पानं वाचून होतात. उपनगरातल्या कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवलं, त्यातून तुला सांगावं असं एकच आहे: मूळ कागद आधी वाचायचा, गाईड शेवटी.

कायद्यातलं एक उदाहरण घे. ओल्गा टेलिस खटल्यावर प्रत्येकाच्या नोट्समध्ये एक ओळ असतेच, की उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. चूक काहीच नाही. पण निकाल उघडून बघ. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवायची घोषणा केली. ओल्गा टेलिस या पत्रकार. त्या आणि काही फूटपाथवासी कोर्टात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि आणखी चार न्यायमूर्तींच्या पीठानं 10 जुलै 1985 ला निकाल दिला. त्याचा शेवट वाच. फूटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 314 वैध आहे. 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, मात्र कुणाला हलवायचं नाही. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे सोयीची पर्यायी जागा द्यावी, पण ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही असं मात्र नाही. हक्क मान्य झाला आणि झोपडी वाचली नाही. हे एका ओळीच्या नोट्समध्ये कुठून येणार? मालवणी म्हणजे आपल्या मालाडची, हेही पोरांच्या लक्षात येत नाही.

म्हणून निकाल वाचताना आधी शेवटचा आदेश बघायचा, कुणाला काय मिळालं ते. मग हकीकत, मग कोर्टानं स्वतःपुढं मांडलेले प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी कारणमीमांसा. पेन्सिल हातात ठेव. जिथं वकिलाचा युक्तिवाद सांगितलाय तिथं समासात ‘व’ लिही, जिथं कोर्ट स्वतः बोलतंय तिथं ‘को’. हसू नकोस. वकिलाचं म्हणणं कोर्टाच्या तोंडी घातलेल्या उत्तरपत्रिका मी ढिगानं तपासल्यात, आणि त्यातली बरीचशी पोरं हुशार होती. एकाहून जास्त न्यायमूर्तींनी वेगवेगळं लिहिलं असेल तर कोण कुणाशी सहमत आहे हे पहिल्या पानावरच टिपून ठेव. केशवानंद भारती खटल्यात, 1973 मध्ये, तेरा न्यायमूर्ती होते आणि बहुमत सात विरुद्ध सहाचं. तिथं असं न टिपता शिरलीस तर बाहेर यायची नाहीस.

पुस्तकं फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर स्वस्तात मिळतात. जरूर घे, पण टीकाग्रंथ जुना चालेल, बेअर अॅक्ट नवाच हवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं 302 आता 103 झालंय, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. तरी भारतीय दंड संहिता रद्दीत घालू नकोस. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना तीच लागू आहे आणि कोर्टात असे खटले अजून बरीच वर्षं चालतील.

कोर्ट म्हटलं की पोरं लगेच हायकोर्टाकडे धावतात. तू आधी अंधेरी, बोरिवली, कुर्ला किंवा आपल्या मुलुंडच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. एखादं प्रकरण बंद दाराआड चालवायचं नसेल तर कामकाज सगळ्यांना खुलं असतं. मोबाइल बंद ठेव, साधे कपडे घाल. एका सकाळी किती वेळा ‘पुढची तारीख’ म्हणतात ते ऐक. प्रक्रियेचं पुस्तक त्यानंतर वाचलंस तर त्यातली कलमं माणसांसारखी दिसायला लागतील.

इतिहासाचं सांगते. बोरिवलीला राहणारी मुलं कान्हेरीला सहलीला जातात, फोटो काढतात, परत येतात. तिथं शंभरावर लेणी आहेत आणि भिंतींवर ब्राह्मी लेख. बरेच लेख दानाचे आहेत. कल्याण, सोपारा, चौल इथल्या लोकांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्षुणींनी काय दिलं, त्याचे. लिपी शिकायला वेळ लागेल, तोवर छापलेलं वाचन सोबत ने आणि दगडावरची अक्षरं त्याच्याशी ताडून बघ. लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेव. परतताना मंडपेश्वरला थांब. खाली शैव लेणं, वर पोर्तुगीज चर्चच्या इमारतीचे अवशेष. एकाच टेकडीत सत्तांतर कसं वाचायचं ते तिथं कळतं.

आता इथं एक मेख आहे. जुने कागद शोधताना ‘मुंबई’ या नावाखाली शोधशील तर हाती फारसं लागायचं नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा साष्टीचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली 1882 मध्ये निघालेले गॅझेटिअरचे खंड ठाण्याच्या नावानं पाहा. उपनगर जिल्हा झाला 1920 मध्ये. 1950 मध्ये शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, दहिसर-मुलुंडपर्यंत यायला 1957 उजाडलं. शहर आणि उपनगर असे आजचे दोन जिल्हे 1990 चे. ज्या वर्षाचं शोधायचं त्या वर्षी गाव कुठल्या कचेरीखाली होतं, हे आधी विचारायचं. एवढ्यानं अर्धी पायपीट वाचते.

समाजशास्त्राच्या प्रोजेक्टला सगळे धारावीला पळतात. तिथले लोक प्रश्नावल्यांना विटलेत. आपल्या मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी समाजशास्त्र विभाग सुरू केला, पुढं घुर्ये आले, त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, श्रीनिवास, अ. रा. देसाई तयार झाले. एवढा वारसा कलिन्याला असताना आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासात भाडेकरू आणि मालक यांच्यात काय चाललंय, हा विषय तुला लहान वाटतो? विषय लहानच घ्यावा. पां. वा. काणे व्यवहारमयूख या संस्कृत ग्रंथाला प्रस्तावना लिहायला बसले आणि त्यातून धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा झाला, पहिला 1930 चा, शेवटचा 1962 चा. मोठं होणारं आपसूक मोठं होतं.

चाळीत किंवा वस्तीत जाशील तेव्हा नळाला पाणी यायची वेळ आधी विचारून घे आणि ती टाळ. ‘उत्पन्न किती’ विचारलंस तर खोटं उत्तर मिळेल, आणि दोष तुझाच असेल; गेल्या महिन्यात किराणा, फी, औषध यांवर काय गेलं ते विचार. घाटकोपरची बाई गुजरातीत बोलली तर तिचा शब्द तिच्याच भाषेत टिप, लगेच मराठी करू नकोस. ‘आमचं घर होईल का यातून?’ असं कुणी विचारलं तर खरं ते सांग, की होणार नाही, हा फक्त कॉलेजचा अभ्यास आहे. आणि टिपणं त्याच रात्री पक्की कर. दुसऱ्या दिवशी आठवतं ते आपण रचलेलं असतं.

इंग्रजीचं भय बाळगू नकोस आणि मराठीची लाजही. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश आणि परिभाषा कोश जवळ ठेव. एखादी संकल्पना मराठीत चार वाक्यांत मांडता आली नाही तर ती अजून कळलेली नाही, असं समज. वाचायला शांत जागा हवी तर मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे, पार्ल्याला लोकमान्य सेवा संघाचं. पार्ल्याला जाताना घाटकोपरहून अंधेरीपर्यंत मेट्रोनं जाता येतं. फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जायचं ते गर्दी सरल्यावरच्या गाडीनं. लोकलमध्ये मात्र नवं काही वाचू नकोस, कालचं उजळणीला ने.

आणि झेरॉक्स काढलीस की दुकानातच, पैसे देता देता, पहिल्या पानाच्या मागं पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष आणि पान क्रमांक लिहून टाक. घरी जाऊन लिहीन म्हणशील तर प्रबंधाच्या आदल्या रात्री त्या एका पानासाठी पुन्हा फोर्टला जावं लागेल, आणि नेमका तो रविवार असेल.