कपड्यांच्या शिवणीत लपलेला ताप

उवांमुळे पसरणारा टायफस हा ताप तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या, सुधारगृहे अशा दाटीच्या वसाहतींत झपाट्याने फैलावतो. टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या वसतिगृहांत मुलींच्या डोक्यात होतात त्या उवाही सहसा तो पसरवत नाहीत. त्याची ऊ वेगळी, कपड्यांत राहणारी. कमरपट्टीच्या, काखेच्या, कॉलरच्या शिवणीत ती लिखा घालते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. रोगाचे जंतू तिच्या विष्ठेत असतात. माणूस खाजवतो तेव्हा ते ओरखड्यांतून शरीरात शिरतात. तापाने फणफणलेले किंवा गार पडलेले अंग ती सोडते आणि शेजारी झोपलेल्याकडे जाते.

हा ताप पसरतो कसा, हे कोडे ट्युनिसमधल्या एका रुग्णालयाच्या दारात सुटले. रुग्णांना दाखल करून घेणारे आणि त्यांचे कपडे हाताळणारे कर्मचारी आजारी पडत. पण रुग्णाला आंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे दिले की वॉर्डात कुणालाच लागण होत नसे. रोग कपड्यांबरोबर दारातच राहत होता. शार्ल निकोल यांनी हे हेरले, 1909 मध्ये माकडांवरील प्रयोगांतून उवेचा हात सिद्ध केला आणि 1928 चे नोबेल पारितोषिक मिळवले.

तरीही गृहयुद्धाने होरपळलेल्या बुरुंडीत न्गोझीच्या तुरुंगात ताप पसरला, तेव्हा तो टायफस असल्याचे वेळेत ओळखले गेले नाही. पाठोपाठ थंड डोंगराळ भागातल्या छावण्यांत, जिथे लोक कपड्यांच्या एकाच जोडीवर दिवस काढत होते, 1997 पर्यंत 45 हजारांहून अधिक संशयित रुग्ण झाले. तुरुंगातला ताप तुरुंगात राहत नाही. 2012 मध्ये रवांडातल्या युवकांच्या पुनर्वसन केंद्रातही टायफस आणि त्याच उवेमुळे पसरणारा ट्रेंच फीवर एकाच वेळी उद्भवले.

संस्था चालवणाऱ्याने नव्या माणसाची आंघोळ आणि कपडेबदल पहिल्याच दिवशी करावा. नुसते डोके भादरून उपयोग नाही. उतरवलेले कपडे आणि पांघरुणे 54 अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात धुवावीत. सरपण नसेल तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवावीत. मात्र ती झटकू नयेत: वाळलेल्या विष्ठेतले जंतू कित्येक आठवडे जिवंत राहतात आणि धुळीबरोबर श्वासात जातात. बदलायला दुसरी जोडीच नसेल, तर अंगातल्या कपड्यांत पर्मेथ्रिनची भुकटी टाकावी.

जोराचा ताप, असह्य डोकेदुखी आणि काही दिवसांनी छाती-पोटावर पुरळ दिसले, तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नये. उपचारांविना दहांतले एक ते चार रुग्ण दगावू शकतात. उद्रेकात डॉक्सिसायक्लिनची 200 मिलिग्रॅमची एकच मात्रा बहुतेकांना वाचवते. बरे झालेल्यांच्या शरीरात मात्र जंतू वर्षानुवर्षे दबा धरून राहतात आणि ताप पुन्हा उलटू शकतो. म्हणून साथ ओसरल्यावरही कपड्यांच्या शिवणी तपासण्याचे काम थांबवू नये.