कार्टला इंजिन कोणतं? आधी नियमपुस्तिका उघडा

‘मुलगा अभ्यास टाकून वेल्डरच्या दुकानात जाऊन बसतो,’ अशी तक्रार घेऊन पालक आले की मी आधी मुलाकडे वळतो. कार्ट बनवतोयस ना? मग इंजिन कुठलं घेतलंस, आणि तेच का? उत्तरं बहुधा ठरलेली असतात. ‘पिकअप भारी आहे.’ ‘मामाची जुनी गाडी पडून होती.’ क्वचित एखादा मुलगा किंवा मुलगी सांगते, ‘स्पर्धेच्या नियमात १२५ सीसीपर्यंतच चालतं, म्हणून हे.’ या उत्तराला माझे कान टवकारतात. वेगाची ओढ त्या वयात कोणालाही असते. कंटाळवाणी नियमपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारे मात्र फार थोडे, आणि वाहन उद्योगाला त्यांचीच चणचण आहे.

पालकांच्या पोटात जो गोळा येतो तो रास्त आहे, म्हणून तो विषय आधी उरकू. घरी बनवलेली कार्ट रस्त्यावर आणता येत नाही. तिला टाइप अप्रूव्हल, म्हणजे सरकारी मान्यता नाही, त्यामुळे नोंदणी नाही आणि नंबरप्लेटही नाही. सोसायटीबाहेरची ‘एकच चक्कर’ही यात आलीच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर जबाबदार पालक किंवा वाहनमालक धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. कार्ट चालवायची ती ट्रॅकवर किंवा बंदिस्त खासगी आवारात, हेल्मेट घालून, शेजारी आग विझवण्याचं सिलिंडर ठेवून. एवढं मान्य असेल तर पुढचं बोलू.

आपल्याकडे हौशी मुलांसमोर साधारण तीन पर्याय येतात. पहिला, पाण्याच्या पंपाला किंवा शेतीच्या यंत्राला लागणारं छोटं पेट्रोल इंजिन. होंडाचं जीएक्स-२०० घ्या: १९६ सीसी, ताकद ३६०० आरपीएमला साडेपाच अश्वशक्ती. दुसरा, जुन्या मोटरसायकलचं १०० ते १५० सीसीचं इंजिन, गिअरबॉक्ससकट. तिसरा, गिअर नसलेल्या स्कूटरचं. मुलांचा जीव मोटरसायकलच्या इंजिनात अडकतो, कारण त्यात ताकद जास्त आणि गिअर हाताशी. पण ते इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड राहण्यासाठी बनलेलं असतं. कार्टमध्ये ते सीटच्या मागे दडतं, तिथे वारा पोचत नाही, आणि दहा मिनिटांत तापून बसतं. स्कूटरच्या इंजिनावर स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे ही अडचण टळते. मात्र इंजिन, बेल्ट आणि मागचं चाक असा एकच सांगाडा असल्याने ते कार्टच्या अ‍ॅक्सलला जोडताना फॅब्रिकेशनवाल्याचा कस लागतो. पंपाचं इंजिन ताकदीला कमी, पण सुटं बसवता येतं, सेंट्रिफ्युगल क्लच लावला की चेन थेट मागच्या अ‍ॅक्सलला. पहिलीच कार्ट असेल तर मी डोळे झाकून हेच सांगतो.

‘पण ते पळत नाही,’ अशी कुरकुर होते. तेव्हा कागद पुढे करावा. ३६०० आरपीएम, पुढे-मागे स्प्रॉकेटचं प्रमाण एकास सहा, म्हणजे अ‍ॅक्सल मिनिटाला ६०० वेळा फिरला. मागचं टायर ११ इंच व्यासाचं, म्हणजे एका फेरीत साधारण ८८ सेंटिमीटर. मिनिटाला ५२८ मीटर, ताशी जवळपास ३२ किलोमीटर. बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर असताना हा वेग कसा वाटतो, ते एकदा बसल्यावर कळतं. हे गणित मुलाने स्वतः मांडलं, मोठं स्प्रॉकेट लावलं तर काय होईल हे स्वतः काढलं, तर शाळेतल्या गुणोत्तर-प्रमाणाचं सार्थक झालं.

कुरकुर थांबली नाही की हात गव्हर्नरकडे वळतो. गव्हर्नर म्हणजे इंजिनाला ठरावीक आरपीएमपलीकडे जाऊ न देणारी आतली यंत्रणा. ती काढली की इंजिन जास्त फिरतं हे खरं, पण आतलं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड त्या फेऱ्यांसाठी केलेलेच नसतात. ओतीव फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या पाठीमागे उडतात. गव्हर्नरला हात लावायचा नाही, असं अनेक नियमपुस्तिकांत बजावलेलं असतं ते उगाच नाही.

आता ज्या बाबतीत भलेभले फसतात तिकडे येऊ. समजा, स्पर्धेची मर्यादा १२५ सीसी आहे. होंडाच्या एका १२५ सीसी मोटरसायकल इंजिनाचा बोअर ५२.४ मिलिमीटर, स्ट्रोक ५७.८. सूत्र शाळेतलंच, वृत्तचितीच्या घनफळाचं. उत्तर १२४.६ सीसीच्या आसपास, मर्यादेत बसलं. पण जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाचं बहुतेक वेळा ‘काम झालेलं’ असतं: सिलिंडर झिजला म्हणून गॅरेजवाल्याने बोअर करून ०.५० साइजचा पिस्टन टाकलेला असतो. बोअर झाला ५२.९. पुन्हा गणित करा, घनफळ १२७ सीसी. गाडीच्या कागदावर १२५, टाकीवरच्या स्टिकरवर १२५, आणि ट्रॅकवर तांत्रिक तपासणीत हेड उघडून माप घेतलं की स्पर्धेबाहेर. रिबोअरला किती सूट आहे हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं, आणि नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सीनियरने पाठवलेली जुनी पीडीएफ चालत नाही. पैसे देण्याआधी हेड उघडून व्हर्नियरने बोअर मोजायचा. दुकानदार कटकट करेल, करू द्या.

त्याच दुकानात आणखी एक गोष्ट बघायची: इंजिन नंबर. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तिथून निघायचं, कितीही स्वस्त असो. पावती आणि मूळ गाडीच्या रद्द केलेल्या नोंदणीची प्रत मागायची. पालकांनी एवढ्यापुरतं तरी सोबत जावं.

नियमांचा एवढा जाच कशाला, असं मुलांना वाटतं. रोटॅक्स मॅक्स या जगभर चालणाऱ्या कार्टिंग मालिकेत किंवा अमेरिकेतल्या ब्रिग्ज एलओ-२०६ या वर्गात इंजिन कारखान्यातून सीलबंद येतं. सील तुटलं की इंजिन बाद. त्यामुळे श्रीमंताच्या पोराला पैसे ओतून जास्त ताकद विकत घेता येत नाही. आपल्याकडच्या बाहा एसएईइंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेच्या पेट्रोल गटात वर्षानुवर्षं सगळ्या कॉलेजांना एकच १० अश्वशक्तीचं ब्रिग्ज इंजिन होतं. जिंकायचं ते वजन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनच्या जोरावर. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्याच दुसऱ्या स्पर्धेत तऱ्हा निराळी. इंजिन ७१० सीसीपर्यंत कुठलंही घ्या, पण पेट्रोल असेल तर आत जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच गेली पाहिजे. मग मोठं इंजिन घेऊन वजन वाहायचं कशाला? म्हणून आपले कित्येक संघ चाकणच्या बजाज कारखान्यात बनणारं केटीएमचं ३७३ सीसी इंजिन वापरत आले. माझ्या मते अख्ख्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात यापेक्षा चांगला गृहपाठ नसेल.

आता ज्यासाठी पालक आलेले असतात ते: याचं पुढे काय? वाहन कंपन्यांमध्ये होमोलोगेशन नावाचा विभाग असतो. नवी गाडी सरकारी नियमांत बसते हे चाचण्यांनी सिद्ध करून मान्यता मिळवायची, हे त्यांचं काम. चाचण्या पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआयसारख्या संस्थांत होतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं तेव्हा प्रत्येक कंपनीला आपली इंजिनं त्यात नव्याने बसवावी लागली. हे काम नियम आणि यंत्र दोन्ही कळणाऱ्या माणसांचं. ‘पेट्रोल इंजिनं तर संपणार,’ असं पालक म्हणतात. इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीलाही एआयएस-१५६ नावाचं मानक आहेच. मोजायच्या वस्तू बदलतील, मोजणारे लागणारच.

वाट एकच नाही. हात चालतो पण पुस्तकाचा कंटाळा आहे, अशा मुलाला दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिक ट्रेड आणि मग कारखान्यात अ‍ॅप्रेंटिसशिप. यात कमीपणा मानणारे पालक भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालतो. दोन्ही जमत असेल तर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावी विज्ञान आणि सीईटी हा मार्ग तर सगळ्यांना पाठच आहे. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा वर्कशॉप रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि तिथला बाहा किंवा फॉर्म्युलाचा संघ चालू आहे का, ते विचारा.

‘मला रेसिंग ड्रायव्हरच व्हायचंय’ म्हणणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर गेला, हे खरं. पण ती वाट लहानपणीच सुरू होते आणि प्रायोजक नसेल तर घर धुऊन नेते. सोळाव्या वर्षी घरच्या कार्टवरून ती सुरू होईल, या भरवशावर कर्ज काढू नये. मुलाचं मन नक्की कशात आहे हे कळायला सोपा उपाय आहे: इंजिन विकत घेण्याआधी भाड्याच्या कार्टवर दोन-चार फेऱ्या मारू द्याव्यात. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, मोठ्या शहरांत भाड्याच्या कार्टही मिळतात. उतरल्यावर तो आपली लॅपची वेळ विचारत सुटतो की मेकॅनिकपाशी जाऊन मागच्या अ‍ॅक्सलखाली डोकावतो, ते पालकांनी कठड्यावरून बघावं. इंजिनाचे पैसे द्यायचे की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.