नवे पाणबुडे आणि पाण्याचा दाब

पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात उतरण्याचे पहिले प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडते, तेव्हा खुल्या पाण्यातील अवघ्या चार बुड्या त्याच्या खाती जमा झालेल्या असू शकतात. ‘पाडी’ या संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम एवढ्याच बुड्यांची अपेक्षा करतो. तो दहाव्या वर्षापासून खुला आहे. मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलाने प्रमाणपत्रधारक पालक किंवा व्यावसायिक मार्गदर्शक यांच्याबरोबरच, आणि तेही १२ मीटरपर्यंतच उतरावयाचे असते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलाने प्रमाणपत्रधारक प्रौढाबरोबर, १८ मीटरपर्यंत. पंधराव्या वर्षी प्रौढाच्या सोबतीची सक्ती संपते. ज्याला पोहणे उत्तम येते अशा मुलास ही बंधने जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पोहण्याचे कौशल्य आणि हे कौशल्य यांत एक मूलभूत भेद आहे.

समुद्रसपाटीवर आपल्या शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, हे रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडले. विहिरीत सूर मारणारा मुलगा काठावरची हवा छातीत भरून घेतो. तळाशी ती आक्रसते आणि वर येताच मूळ आकारमानाला येते. म्हणून त्याने श्वास रोखला तरी त्याच्या फुप्फुसांना इजा होत नाही. सिलिंडरमधून श्वास घेणाऱ्याची गोष्ट निराळी. दहा मीटर खोलीवर त्याच्या फुप्फुसांत सहा लिटर हवा आहे असे समजू. ती हवा दुप्पट दाबाची आहे. श्वास रोखून तो वर आला, तर पृष्ठभागावर तिला बारा लिटर जागा हवी. ती फुप्फुसांत नसते. त्यांचे नाजूक पडदे फाटतात, हवा रक्तात शिरते आणि तिचे बुडबुडे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना हीच सहा लिटर हवा आठ लिटर होते. म्हणजे सर्वांत मोठे प्रसरण शेवटच्या दहा मीटरांत घडते. पूर्ण भरलेल्या छातीने जेमतेम दीड मीटर वर येणेही घातक ठरू शकते. पोहण्याचा तलावसुद्धा याला अपवाद नाही. तेव्हा लहानपणापासून अंगवळणी पडलेली श्वास रोखण्याची सवय नव्या पाणबुड्याने प्रयत्नपूर्वक मोडली पाहिजे.

दाबाचा दुसरा परिणाम सावकाश प्रकट होतो. खोलीवर श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो आणि दाब झपाट्याने उतरल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. जे. एस. हॉल्डेन याने १९०८ मध्ये यासंबंधीची कोष्टके प्रसिद्ध केली. आज साधारणतः मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे सांगितले जाते. ओळीने बुड्या घेतल्यास पुढील अठरा तास विमानप्रवास टाळावयाचा असतो. अंदमानच्या सहलीचा शेवटचा दिवस म्हणूनच कोरडा ठेवावा.

हे सारे ठाऊक असूनही मुले चुकतात, कारण भय विचारांच्या पुढे धावते. चष्म्यात पाणी शिरले, सोबती दिसेनासा झाला, की भ्यालेला जीव श्वास कोंडतो आणि वर झेपावतो. या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात, आणि त्या दोन्ही चुकीच्या असतात! यावर उपाय उजळणीचा. चष्म्यातील पाणी काढणे, सोबत्याच्या राखीव नळीतून श्वास घेणे हे उथळ पाण्यात वरचेवर करावे. हवेचा दाबमापकही पुन्हापुन्हा पाहावा. वीस मीटरवर हवा पृष्ठभागाच्या तिप्पट वेगाने खर्च होते.

पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ हे अंगठा व तर्जनी जुळवून दाखवितात. कोणीही, केव्हाही, कारण न देता अंगठा वर करावा आणि सोबत्याने निमूटपणे त्याच्याबरोबर निघावे, असा पाणबुड्यांचा संकेत आहे. प्रौढाला हे फारसे अवघड नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र मित्रांदेखत अंगठा वर करणे शेवटच्या दहा मीटरांपेक्षाही कठीण वाटते. म्हणून त्याच्याबरोबरच्या प्रौढाने एखाद्या बुडीत स्वतःच आधी तो संकेत करून दाखवावा.

सर्दीच्या बाबतीतही हेच घडते. नाक चोंदलेले असले की कानाच्या पडद्यामागील दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. कानाला दडे बसतात, वेदना होतात, आणि तरीही खाली जात राहिल्यास पडदा फाटू शकतो. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणे तर अधिकच वाईट, कारण त्याचा अंमल पाण्यातच ओसरल्यास वर येताना हवा कानात अडकते. होडीचे भाडे भरलेले, वडिलांनी मुद्दाम रजा काढलेली. अशा वेळी मुलगा सर्दी लपवितो. पालकाने त्याला याविषयी किनाऱ्यावरच, होडी सुटण्यापूर्वी आणि एकट्याला बाजूस घेऊन विचारावे.